सवय, चटक, व्यसन: तंबाखू-मशेरीपासून चहा-मोबाइलपर्यंत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सवय कुठे संपते आणि व्यसन कुठे सुरू होतं?

'दिवसातून किती वेळा' या आकड्यावरून ते कळत नाही. सहा कप चहा पिणाऱ्याचा चहा चुकला तर त्याचं डोकं धरतं, तो कपाळाला बाम चोळतो आणि कामाला लागतो. दिवसाला तंबाखूचे दोनच बार भरणारा मात्र रात्री पुडी रिकामी निघाली की पायात चप्पल सरकवून भर पावसात उघडी टपरी शोधायला निघतो. पारख करायची ती चुकलेल्या दिवशी. त्या दिवशी शरीर काय करतं हा एक प्रश्न, आणि माणूस काय करतो हा दुसरा.

शरीर कुरकुरत असेल तर ते अवलंबित्व. माणसाचा ताबा सुटत असेल तर ते व्यसन. बहुतेक वेळा दोन्ही जोडीनं येतात, पण नेहमी नाही. चोंदलेलं नाक मोकळं करणाऱ्या थेंबांवर नाक महिनोन्‌महिने अवलंबून राहतं, तरी त्या थेंबांसाठी कुणी घरात खोटं बोलत नाही. उलट पैशांच्या रमीत पोटात काहीच जात नाही, तरी घरातले दागिने गहाण पडतात. सवय, चटक, नाद, लत, व्यसन अशी उतरंड मराठीनं आधीच लावून ठेवली आहे. बोलताना माणूस स्वतःसाठी कुठला शब्द वापरतो आणि घरचे कुठला, यातलं अंतरही बरंच काही सांगून जातं.

डॉक्टर हे कशावरून ठरवतात?

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१३ मध्ये जी निकषांची यादी काढली, तीत ११ खुणा आहेत. गेल्या १२ महिन्यांत २-३ दिसल्या तर सौम्य, ४-५ असतील तर मध्यम, ६ किंवा जास्त असतील तर तीव्र. घरच्या भाषेत त्यातल्या काही अशा: ठरवलं त्यापेक्षा जास्त घेतलं जातं, कमी करायचा प्रयत्न फसतो, मिळवण्यात आणि उतरवण्यात वेळ जातो, तलफ येते, कामाकडे, घराकडे दुर्लक्ष होतं, भांडणं होऊनही सुटत नाही, पूर्वी जेवढ्यात भागायचं तेवढ्यात आता भागत नाही, थांबवलं की त्रास होतो. शेवटच्या दोन खुणा शरीराच्या आहेत. डॉक्टरांनी दिलेलं औषध ठरल्याप्रमाणे घेणाऱ्याच्या बाबतीत या दोन धरत नाहीत, हे मुद्दाम सांगायला हवं. अनेकजण गोळीची 'सवय लागेल' या भीतीनं गरजेची औषधंच बंद करतात.

तंबाखूपुरता एक झटपट प्रश्न पुरतो: उठल्यावर किती वेळात पहिला बार, पहिली बिडी, पहिली मशेरी? अर्ध्या तासाच्या आत असेल तर निकोटिनची पकड पक्की. पाच मिनिटांच्या आत असेल तर फारच पक्की. कारण साधं आहे. रक्तातलं निकोटिन साधारण दर दोन तासांनी निम्मं होतं. आठ तासांच्या झोपेत ते सोळाव्या हिश्श्यावर येतं, म्हणजे सकाळी शरीर रिकाम्या डबीसारखं असतं.

तंबाखूत चुना का घालतात? चुना कमी केला तर तंबाखू कमी लागेल का?

तळहातावर चिमूटभर तंबाखू, नखाच्या टोकावर चुना, अंगठ्यानं मळायचं, वरून दोन थापा मारून धूळ उडवायची आणि खालच्या ओठाआड ठेवून द्यायचं. या सगळ्यात खरं काम चुना करतो. तंबाखूच्या पानातलं निकोटिन बरंचसं क्षाराच्या रूपात अडकलेलं असतं आणि त्या रूपात ते तोंडाच्या आतल्या त्वचेतून सहज आत जात नाही. चुना अल्कधर्मी. त्याच्यामुळे निकोटिन मोकळं होतं आणि ओठातून थेट रक्तात उतरतं. बिडी-सिगारेटचा झटका मेंदूला १०-२० सेकंदांत बसतो; तंबाखूचा बार हळूहळू चढतो आणि बराच वेळ टिकतो. दिवसाच्या हिशेबात दोन्हीकडे निकोटिन साधारण सारखंच पोचतं.

चुना कमी केला की सहसा बार मोठा होतो, नाहीतर जास्त वेळ धरला जातो. शरीर आपला वाटा वसूल करतंच.

बिडी-सिगारेट नाही ओढत, नुसती तंबाखू खातो. मग धोका कमीच ना?

फुप्फुसाला कमी. तोंडाला नाही. भारतातल्या पुरुषांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग तोंडाचा आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ तंबाखू कुठल्या ना कुठल्या रूपात घेत होते. त्यात धूर काढणारे फक्त ३.८ टक्के आणि धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के (काहीजण दोन्ही घेतात). गोव्यात एकूण प्रमाण ९.७ टक्के होतं. म्हणजे सिगारेटविरोधी पाट्यांवर कितीही खर्च झाला तरी महाराष्ट्राचा खरा प्रश्न ओठाआड दडलेला आहे.

बार ठेवायची जागा महिन्यातून एकदा आरशात, चांगल्या उजेडात, ओठ उलटा करून पाहा. पुसून न जाणारा पांढरा चट्टा, मखमलीसारखा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, गालाच्या आत लागणारी गाठ, यातलं काहीही दिसलं तर दंतवैद्य किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञ. दुखत नाही म्हणून थांबू नका. सुरुवातीला ते दुखतच नाही.

मशेरी म्हणजे दात घासायचं साधन. तिचं कसलं व्यसन?

घरोघरी हेच ऐकू येतं, म्हणून जरा सविस्तर.

मशेरी, कुठे मिसरी, म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली आणि कुटून पूड केलेली तंबाखू. भाजल्यानं ती निर्धोक होत नाही. निकोटिन राहतंच, शिवाय जळण्यातून नवी घातक द्रव्यं तयार होतात आणि स्वयंपाकघरात भाजताना ठसका लावणारा धूर लहान मुलांच्याही छातीत जातो. तंबाखू घातलेल्या टूथपेस्ट आणि दंतमंजनांवर भारतात १९९२ पासून बंदी आहे. घरी भाजलेली मशेरी त्या कचाट्यात येत नाही, एवढंच.

दात घासायला तीन मिनिटं लागतात. मशेरी लावून ओसरीवर अर्धा तास बसणं, दुपारी जेवणानंतर पुन्हा लावणं, रात्री निजताना पुन्हा, याला दात घासणं म्हणत नाहीत. डबी कमरेला असते, लेकीच्या घरी जाताना ती आधी पिशवीत जाते, आणि लग्नघरात चार बायका मागच्या दारी एकत्र दिसतात. पुरुषाच्या तंबाखूवर घरात बोललं जातं. आईच्या, आजीच्या मशेरीवर सहसा कुणी अक्षर काढत नाही. दातदुखीवर औषध म्हणून ती सुरू होते. दुखणं थोडा वेळ दबतं, पण हिरड्या दातांपासून खाली सरकत जातात आणि कीड आत वाढत राहते.

गरोदरपणात तर ती कटाक्षानं बंद हवी. निकोटिन वारेतून बाळापर्यंत जातं; कमी वजनाचं बाळ आणि दिवस पूर्ण होण्याआधी बाळंतपण, हे दोन्ही धोके वाढतात. तपासणीला गेल्यावर 'तंबाखू खाता का?' असं विचारलं तर उत्तर 'नाही' येतं, कारण मशेरी ही त्यांच्या लेखी तंबाखूच नसते. 'मशेरी लावता का, तपकीर लावता का?' असंच विचारावं लागतं.

मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही. हे खरं की मनाचे खेळ?

खरं आहे. निकोटिनमुळे आतड्यांची हालचाल वाढते. वर्षानुवर्षं सकाळी त्याच धक्क्याची सवय लागली की तो धक्का काढून घेतल्यावर बद्धकोष्ठ होतं. मशेरी सुटण्याच्या वाटेतला हा मोठा अडसर, आणि त्याकडेच दुर्लक्ष होतं.

सोडण्याच्या आठवडाभर आधीपासून रात्री निजताना एक ते दोन चमचे इसबगोल पेलाभर पाण्यातून सुरू करा (पाणी कमी घेतलं तर उलट मल अडकतो). सकाळी उठल्याबरोबर पेलाभर कोमट पाणी, मग मऊ ब्रश आणि साधी पेस्ट. शौचाची वेळ तीच ठेवायची, आलं नाही तरी पाच-दहा मिनिटं बसायचं. जेवणात पालेभाजी आणि कोंड्यासकट पिठाची भाकरी-पोळी. दोन ते चार आठवड्यांत आतडी रुळावर येतात. तरीही न झाल्यास किंवा शौचातून रक्त आल्यास दवाखाना.

एकदम सोडावं की हळूहळू?

तंबाखूच्या बाबतीत दोन्ही चालतं. दारू आणि झोपेच्या गोळ्यांचं वेगळं आहे, ते खाली पाहा.

हळूहळू सोडणाऱ्यांची चूक ठरलेली: तारीख ठरवत नाहीत. 'कमी करतोय' हे वर्षभर चालू राहतं. दोन आठवडे पुढची तारीख कॅलेंडरवर लिहा. तोवर दर दोन दिवसांनी पहिला बार अर्ध्या तासानं पुढे ढकला आणि दिवसातला सर्वांत फालतू बार, ज्याची आठवणही राहत नाही तो, आधी कापा. पुड्या एकेकच आणा. हाताशी दहा पुड्यांची माळ असताना कमी करणं जमत नाही.

तारखेच्या आदल्या रात्री डबी, चुना, पुडी घराबाहेर. 'असू दे, पाहुण्यांसाठी' म्हणून कपाटावर ठेवलेली पुडी तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सापडते.

सोडल्यावर नेमकं काय होतं, आणि किती दिवस?

काही तासांत चिडचिड सुरू होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रास सर्वांत जास्त: लक्ष लागत नाही, झोप तुटते, भूक वाढते, तोंडाला चव लागत नाही, हात सारखा खिशाकडे जातो. मग उतार. दोन ते चार आठवड्यांत शरीराचा बहुतेक हिशेब चुकता होतो. तलफ मात्र अधूनमधून येत राहते, विशेषतः ठरलेल्या जागी: जेवणानंतर, एसटी थांब्यावर, चहाच्या टपरीवर.

एकेक तलफ साधारण पाच-दहा मिनिटांची असते. तेवढा वेळ काढायचा. उभं असाल तर चाला, बसला असाल तर उठा, पेलाभर पाणी घोटाघोटानं प्या, लवंग किंवा बडीशेप तोंडात टाका. सुपारी टाकू नका.

बिडी-सिगारेट सोडणाऱ्यांसाठी एक कमी माहीत असलेली गोष्ट. धुरामुळे यकृत कॅफिन झपाट्यानं निकामी करतं. धूर थांबला की तो वेग उतरतो, आणि तेवढाच चहा-कॉफी प्यायलात तर रक्तात कॅफिन जवळपास दुप्पट साठतं. मग धडधड, अस्वस्थपणा, झोप उडणं. माणूस म्हणतो, सिगारेट सोडल्यानं होतंय. चहा-कॉफी निम्म्यावर आणा, बरंच शमतं. हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नाही; तंबाखू-मशेरीवाल्यांना तो लागू नाही. मानसिक आजाराची काही औषधं, उदाहरणार्थ क्लोझापिन आणि ओलान्झापिन, हीही याच कारणानं रक्तात वाढतात, त्यामुळे ती घेणाऱ्यांनी सिगारेट सोडण्याआधी डॉक्टरांना सांगावं.

निकोटिनच्या गोळ्या (गम) घेतल्या, काही उपयोग झाला नाही. का?

बहुधा चघळण्यात चूक झाली. नाव गम असलं तरी तो च्युइंग गमसारखा चावायचा नसतो. सावकाश चावा, तोंडात तिखट, झिणझिणल्यासारखी चव आली की थांबा आणि तो गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवून द्या. चव गेली की पुन्हा दोन-चार चावे, मग दुसऱ्या बाजूला. असा अर्धा तास. भराभर चावला तर निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं: उचकी, छातीत जळजळ, मळमळ, आणि तलफ जागच्या जागी.

दुसरी चूक चहाची. गमच्या आधी १५ मिनिटं आणि गम तोंडात असेपर्यंत पाण्याशिवाय काही नको. कॉफी, सरबत, थंड पेयं यांच्या आंबटपणामुळे निकोटिन त्वचेतून आत जात नाही. वर चुन्याचं सांगितलं, त्याच्या अगदी उलट.

तिसरी चूक कंजुषी. दिवसाला दोन गम घेऊन दहा बारांची जागा भरत नाही. पहिले ६ आठवडे दर एक-दोन तासांनी एक, पुढचे ३ आठवडे दर दोन-चार तासांनी, शेवटचे ३ आठवडे दर चार-आठ तासांनी. दिवसाला २४ च्या वर कधीही नाही. उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली तंबाखू लागणाऱ्यांना ४ मिलिग्रॅमचा गम, इतरांना २ मिलिग्रॅमचा. २ मिलिग्रॅमचा चिठ्ठीशिवाय मिळतो, ४ मिलिग्रॅमसाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागते. तोंड पुरतं उघडत नसेल, कवळी असेल तर त्वचेवर चिकटवायच्या निकोटिनच्या पट्टीचा पर्याय आहे. गरोदर असाल किंवा नुकताच हृदयविकाराचा झटका आला असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. व्हॅरेनिक्लिन आणि ब्युप्रोपिऑन ही औषधंही आहेत, पण ती चिठ्ठीवरची.

तंबाखू सोडली, आता फक्त सुपारी खातो. चालेल ना?

नाही. सुपारीत अ‍ॅरेकोलिन असतं आणि त्याची स्वतःची चटक लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्ये नुसत्या सुपारीलाही माणसात कर्करोग करणारी म्हणून पहिल्या गटात टाकलं. शिवाय सुपारीमुळे गालाची आतली त्वचा चामड्यासारखी ताठ होत जाते आणि तोंड उघडणं कमी होतं. घरची चाचणी: मधली तीन बोटं उभी एकावर एक धरून पुढच्या दातांमध्ये जातात का? दोनच जात असतील, तिखट सहन होत नसेल, तर आजच दंतवैद्य. ही ताठरता पूर्ण मागे फिरत नाही. सुपारी थांबवून ती आहे तिथे रोखायचा प्रयत्न करता येतो.

महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तरी पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत, ग्राहकानं तोंडात एकत्र करायचं, ही पळवाट सगळ्यांना ठाऊक आहे.

चहा हे व्यसन आहे का?

अवलंबित्व आहे, व्यसन क्वचित. सलग रोज चहा-कॉफी घेणाऱ्यानं एकदम थांबवलं की १२ ते २४ तासांत डोकं दुखू लागतं, एक-दोन दिवसांत ते शिगेला जातं आणि २ ते ९ दिवसांत संपतं. हरतालिकेच्या निर्जळी उपवासात दुपारी जे डोकं ठणकतं, ते सगळं पित्त नसतं. डोकेदुखीच्या बऱ्याच गोळ्यांमध्येही कॅफिन असतं. म्हणजे गोळीनं जे बरं वाटतं त्यात चहाचाही वाटा असतो.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे १५० मिलिलिटरच्या कपाला चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम, इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५, फिल्टरच्या कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम कॅफिन असतं. दिवसाची मर्यादा ३०० मिलिग्रॅम. जेवणाच्या तासभर आधी आणि तासभर नंतर चहा नको, कारण त्यातल्या टॅनिनमुळे अन्नातलं लोह शरीराला मिळत नाही. रक्त कमी असलेल्या बाईनं लोहाची गोळी चहाबरोबर घेणं म्हणजे गोळी वाया घालवणं.

आमच्या मते चहातला मोठा धोका कॅफिन नसून साखर आहे. कपात दोन चमचे धरले तर आठ-दहा ग्रॅम. पाच कपांत ४०-५० ग्रॅम, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलेली दिवसभराची वरची मर्यादा निव्वळ चहातच संपते.

कमी करायचं तर दर तीन दिवसांनी एक कप वगळा, संध्याकाळचा आधी. कॅफिन निम्मं व्हायला पाचेक तास लागतात; सहाच्या चहातलं निम्मं अकराला अजून रक्तात असतं.

नाकात थेंब टाकल्याशिवाय झोप लागत नाही. हे काय आहे?

झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब ३ ते ५ दिवसांपुरतेच असतात. त्यांच्यामुळे नाकातल्या रक्तवाहिन्या आक्रसतात. असर उतरला की त्या पूर्वीपेक्षा जास्त फुगतात. मग पुन्हा थेंब. सर्दी केव्हाच गेलेली असते, आता नाक थेंबांमुळेच चोंदतं. सोडण्याची सोपी रीत: आधी एकाच नाकपुडीत बंद करा, दुसरी चालू ठेवा. आठवड्याभरात बंद केलेली बाजू मोकळी होते, मग दुसरी. मधल्या काळात मिठाच्या पाण्याचे थेंब. डॉक्टर स्टिरॉइडचा फवारा देऊ शकतात.

झोपेची गोळी रोज लागते. बंद करू का?

स्वतःहून एकदम बंद करू नका. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या गोळ्या काही आठवडे रोज घेतल्या की शरीर त्यांच्यावर टेकतं. अचानक थांबवल्यास घबराट, निद्रानाश, क्वचित आकडीही येते. डॉक्टर सहसा दर दोन आठवड्यांना १० ते २५ टक्के मात्रा उतरवतात. जुन्या चिठ्ठीवर औषधाच्या दुकानातून वर्षानुवर्षं गोळी आणणं, हीच या साखळीची पहिली कडी.

श्रावण पूर्ण पाळतो, थेंबही घेत नाही. मग दारूचं व्यसन नाही ना?

महिनाभर थांबता येणं चांगलंच. त्यानं सिद्ध मात्र काही होत नाही. तीन गोष्टी पाहा: आषाढ अमावास्येला किती घेतली, श्रावणातले दिवस मोजले का, आणि श्रावण संपल्याच्या पहिल्या संध्याकाळी काय झालं. व्रताचं बंधन बाहेरचं असतं. ते सुटताच माणूस जिथे होता तिथेच सापडला, तर ताबा व्रताचा होता.

आणि रोज भरपूर पिणाऱ्यानं श्रावणाच्या पहिल्या दिवशी एकदम थांबवणं धोक्याचंही असतं. शेवटच्या पेल्यानंतर ६ ते १२ तासांत हात थरथरतात, घाम फुटतो. ६ ते ४८ तासांत आकडी येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी भ्रम, नको ते दिसणं, ताप. हा प्रकार जिवावर बेततो. सकाळी हात थरथरतात आणि घेतल्यावर थांबतात, असं असेल तर आधी दवाखाना, मग व्रत.

'कळू न देता दारू सोडवा' असं औषध जेवणात घालू का?

मुळीच नाही. अशा पुड्यांत काय असतं ते कळत नाही, आणि डायसल्फिराम (दारू सोडवण्यासाठीचं एक औषध) असेल तर त्यावर दारू पोटात गेल्यावर चेहरा लाल होणं, ओकाऱ्या, रक्तदाब कोसळणं, प्रसंगी मृत्यूही ओढवतो. ते औषध घेणाऱ्याला सगळं सांगून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं.

मोबाइलचं व्यसन खरंच असतं का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या नव्या वर्गीकरणात (अंमल १ जानेवारी २०२२ पासून) गेमिंगचा विकार आणि जुगाराचा विकार आहेत. रील पाहण्याला अजून वेगळं नाव नाही. पण चुकलेल्या दिवसाची कसोटी इथेही लागते: चार्जिंग संपल्यावर दोन तास कसे जातात?

अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, मग डिजिटल वेलबीइंग, मग डॅशबोर्ड. आयफोनमध्ये सेटिंग्जमधलं स्क्रीन टाइम. तासांपेक्षा 'फोन किती वेळा उघडला' हा आकडा पाहा. ऐंशी-नव्वद वेळा उघडणाऱ्यानं ऐंशी वेळा काही काम काढलेलं नसतं.

अ‍ॅपवर लावलेली वेळमर्यादा बहुधा फसते, कारण ती एका टिचकीत उठवता येते. तिचा पासकोड घरातल्या दुसऱ्या माणसाकडे द्या. त्याहून चांगलं म्हणजे अ‍ॅप काढून टाका आणि तीच गोष्ट ब्राउझरमध्ये, दर वेळी लॉगिन करून पाहा. कंटाळा येतो, तोच हवा आहे. चार्जर झोपायच्या खोलीबाहेर, उशाशी गजराचं घड्याळ. 'गजरासाठी लागतो' हे कारण संपलं की रात्रीचा तासभर आपोआप सुटतो.

ऑनलाइन रमी आणि बेटिंगमध्ये मुलगा कर्जात गेला आहे. आधी काय करायचं?

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राचा कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये झाला, तरी आडवाटा राहतात. या व्यसनाचं इंजिन एकच: गेलेले पैसे आजच परत मिळवायचे. म्हणून कर्ज फेडायची रक्कम त्याच्या हातात किंवा खात्यात कधीही देऊ नका. सावकाराला, बँकेला थेट द्या. बँकेत जाऊन यूपीआयची रोजची मर्यादा किमान करून घ्या, कर्ज देणारी अ‍ॅपं काढा, सगळ्या देण्यांची एकच यादी कागदावर लिहून घ्या. यादीत पहिल्यांदा सांगितलेला आकडा सहसा पूर्ण नसतो; आठवड्यानं पुन्हा विचारा, न ओरडता. जगण्यात अर्थ नाही अशी भाषा ऐकू आली तर त्याच दिवशी टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, १४४१६ वर, फोन लावा.

सोडून दोन महिने झाले होते, लग्नात एकदा घेतली. सगळं वाया गेलं का?

नाही. एकदा घसरणं वेगळं, पुन्हा चालू होणं वेगळं. दोन्हींच्या मध्ये 'आता मोडलंच आहे तर' हे वाक्य असतं. त्याच दिवशी पुडी टाका, आणि कुठे, कुणाबरोबर, किती वाजता घेतली तेवढं लिहून ठेवा. पुढच्या लग्नाआधी तो कागद वाचा.

मदत कुठे मिळते?

तंबाखूसाठी राष्ट्रीय क्विटलाइन १८००-११-२३५६, फोन मोफत. ती २०१६ मध्ये दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये सुरू झाली. दारू आणि इतर अमली पदार्थांसाठी १४४४६. मनाच्या कुठल्याही त्रासासाठी टेलि-मानस १४४१६. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. गडचिरोलीत दारू-तंबाखूवर काम करणारा मुक्तिपथ उपक्रम आहे. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागाची चौकशी करा.

फोन लावण्याआधी चार गोष्टी लिहून हाताशी ठेवा: दिवसाला किती पुड्या किंवा पेग, उठल्यावर पहिली वेळ, याआधी कधी आणि किती दिवस सुटलं होतं, सध्या कुठली औषधं चालू आहेत.